घरी बसून परदेशातल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं : संधी खरी, पण विद्यार्थी मिळणार कुठून?

‘घरी बसून इंग्रजी शिकवा, महिन्याला लाख रुपये कमवा.’ फेसबुक-इन्स्टावर अशी रील दिसली नाही असा दिवस जात नाही. गावोगावी डी.एड., बी.एड., एम.ए. इंग्रजी होऊन भरतीची वाट बघणारी मुलं-मुली आहेत. लग्न होऊन सासरी आलेल्या, शिक्षण असूनही घरातच अडकलेल्या सुना आहेत. त्यांना ही जाहिरात खेचून घेणारच. कुणी कोर्सची फी भरतंय, कुणी लॅपटॉप हप्त्यावर घेतंय.

प्रश्न असा आहे की यात खरं किती आणि फुगवलेलं किती? धंदा खोटा नाही. जगात हजारो माणसं ऑनलाइन इंग्रजी शिकवून पोट भरतात. पण जाहिरातीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. शिकवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. विद्यार्थी शोधणं आणि तो टिकवणं हा अवघड भाग आहे. पीक काढणं वेगळं आणि गिऱ्हाईक गाठणं वेगळं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इथंही तेच आहे.

एका सरकारी आदेशाने बाजार बसला

हा धंदा समजून घ्यायचा तर आधी चीनमध्ये काय झालं ते बघावं लागेल. २०१३ साली बीजिंगमध्ये व्हीआयपीकिड नावाची कंपनी सुरू झाली. चीनमधली लहान मुलं आणि अमेरिका-कॅनडातले शिक्षक यांची व्हिडिओवर गाठ घालून द्यायची, एवढंच तिचं काम. भरभराटीच्या काळात तिच्याकडे ७० हजारांच्या आसपास शिक्षक होते. तासाला साधारण १४ ते २२ डॉलर मिळायचे. विद्यार्थी शोधायचं काम कंपनीचं होतं. शिक्षकाने फक्त वेळ सांगायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायचं.

२४ जुलै २०२१ रोजी चीन सरकारने ‘दुहेरी भार कमी’ करण्याचं धोरण जाहीर केलं. मुलांवरचा गृहपाठाचा आणि खासगी शिकवण्यांचा बोजा कमी करायचा, असा त्याचा अर्थ. शालेय विषयांच्या नफ्यासाठीच्या शिकवण्यांवर बंदी आली. देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून चीनमधल्या मुलांना शिकवून घ्यायलाही मनाई झाली. पंधरा दिवसांत व्हीआयपीकिडने परदेशी शिक्षकांच्या नव्या तासांची विक्री थांबवली. इतर कंपन्यांनी दुकानं बंद केली.

आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा काय झालं ते नाशिक-नगर-पुण्याकडच्या शेतकऱ्याला आठवत असेल. माल तोच, मेहनत तीच, पण गिऱ्हाईकच बंद. तसंच त्या शिक्षकांचं झालं. त्यांचा सगळा माल एकाच देशाच्या एकाच बाजारात जात होता.

तुम्ही म्हणाल, त्या कंपनीने आपल्याकडच्यांना घेतलंच नव्हतं, मग आपला काय संबंध? संबंध आहे. काम गेलेले ते शिक्षक घरी बसले नाहीत. ते बाकीच्या वेबसाइटवर आले. आज आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी नवीन नाव नोंदवते, तेव्हा तिच्या शेजारी यादीत दहा-दहा वर्षांचा अनुभव असलेला अमेरिकन शिक्षक उभा असतो. चीनचं दार बंद झालं आणि बाकीच्या दारांपुढची रांग लांबली.

भारतातही याची झलक दिसली होती. २०१८ साली सुरू झालेल्या व्हाइटहॅट ज्युनिअरने घरबसल्या कोडिंग शिकवणाऱ्या शिक्षिकांची मोठी फौज उभी केली. २०२० मध्ये बायजूने ती कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली. कोरोना ओसरला, शाळा उघडल्या आणि मागणी उतरली. त्यानंतर शिक्षकांची गरजही कमी झाली. धडा एकच आहे. एका कंपनीवर, एका देशावर सगळं अवलंबून ठेवू नये.

तीन प्रकारचे बाजार

आज परदेशी विद्यार्थी मिळवायचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता कंपनीचा. कंपनी विद्यार्थी देते, दर ती ठरवते. अमेरिकेतली कॅम्ब्ली यात मोडते. तिथे बरीच वर्षं मिनिटाला १७ सेंट हा दर राहिला आहे, म्हणजे तासाला १० डॉलरच्या थोडं वर. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा शिक्षकांवर या कंपनीचा भर असतो. जपानमध्ये रेअरजॉब, डीएमएम एकाइवा, नेटिव्ह कॅम्प अशा कंपन्या आहेत. रेअरजॉब २००७ मध्ये सुरू झाली आणि तिचा कणा फिलिपिन्सचे शिक्षक आहेत. डीएमएमकडे अनेक देशांतले शिक्षक आहेत. २५ मिनिटांचे छोटे तास असतात आणि मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला दर कमी मिळतो.

दुसरा रस्ता मोकळ्या बाजाराचा. प्रीप्ली आणि आयटॉकी ही त्यातली मोठी नावं. इथे तुमचं पान तयार करायचं, दोन-एक मिनिटांचा ओळखीचा व्हिडिओ टाकायचा, दर तुम्हीच ठरवायचा. विद्यार्थी यादी बघतो, व्हिडिओ बघतो आणि निवडतो. आयटॉकीवर दोन वर्ग आहेत. प्रमाणपत्र असलेला ‘व्यावसायिक शिक्षक’ आणि नुसता सराव करून घेणारा ‘कम्युनिटी ट्यूटर’. तिथे इंग्रजीसाठी नोंदणी कायम उघडी नसते. गर्दी झाली की ते दार लावून घेतात.

तिसरा रस्ता स्वतःचा. ओळखीतून, नातेवाइकांतून, फेसबुक ग्रुपमधून विद्यार्थी मिळवायचे आणि पैसे थेट घ्यायचे. यात मध्ये कुणी कापत नाही. पण सुरुवातीला सगळ्यात अवघड हाच, कारण परक्या देशातला माणूस अनोळख्यावर भरवसा का ठेवेल?

अडत किती कापतात?

मार्केट यार्डात पूर्वी अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये राज्य सरकारने भाजीपाला-फळांची अडत खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. ऑनलाइन शिकवणीच्या बाजारात मात्र अडत अजून माल विकणाऱ्याकडूनच, म्हणजे शिक्षकाकडूनच कापतात. आणि ती बारीक नाही.

प्रीप्लीचा हिशोब असा. नवीन विद्यार्थ्याचा पहिला, चाचणीचा तास पूर्ण कंपनीचा. शिक्षकाला एक पैसाही नाही. पुढे पहिल्या २० तासांपर्यंत ३३ टक्के कापतात. २१ ते ५० तासांना २८ टक्के, ५१ ते २०० तासांना २५ टक्के, २०१ ते ४०० ला २२ टक्के आणि ४०० तासांच्या पुढे १८ टक्के. जुना झालात की अडत कमी होते. म्हणजे नव्याला मार जास्त.

आता एक साधा हिशोब मांडू. नवीन शिक्षिकेने तासाला ५ डॉलर दर ठेवला. सोयीसाठी डॉलर ८५ रुपयांना धरला. पहिल्या २० तासांचे १०० डॉलर होतात, अडत जाऊन ६७ उरतात. पुढच्या ३० तासांचे १५० होतात, अडत जाऊन १०८ उरतात. म्हणजे पहिले ५० तास शिकवले की हातात १७५ डॉलर, सुमारे १४ हजार ८७५ रुपये. यात चाचणीचे फुकट तास धरलेले नाहीत.

महिन्याला ५० तास भरायचे तर आठवड्यातून दोनदा येणारे सहा विद्यार्थी लागतात. चाचणी घेणाऱ्या तिघांतला एक टिकला असं धरलं, तरी सहा टिकायला १८ चाचण्या द्याव्या लागतात. एक चाचणी अर्ध्या तासाची म्हटली तरी नऊ तास फुकट गेले. आणि त्या १८ जणांनी आधी तुमच्या पानावर बोट टेकवायला हवं, त्यात महिने जातात.

दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षणसेवकाचं मानधन बघा. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. खासगी इंग्रजी शाळांमध्ये बऱ्याच ठिकाणी बाईंच्या हातात दहा हजारही पडत नाहीत. त्यामुळे दिवसाला दोन तास शिकवून घरबसल्या १५ हजार ही रक्कम खेड्यात लहान नाही. पण ती लाख रुपये नाही. आणि ती पहिल्या महिन्यात येत नाही.

कोणत्या देशाचा विद्यार्थी, कोणत्या वेळेला?

नवीन माणसाची पहिली चूक इथे होते. तो सगळ्या जगाला शिकवायला निघतो. खरं तर देश निवडला की निम्मं काम होतं, कारण प्रत्येक देशाची गरज वेगळी आणि घड्याळ वेगळं.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथला नोकरदार संध्याकाळी ७ ते १० मध्ये शिकतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन ते संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. दक्षिण कोरियाचं घड्याळही तेच. दुपारचं जेवण उरकल्यापासून संध्याकाळच्या धारा काढेपर्यंतचा हा वेळ अनेक घरांत मोकळा मिळू शकतो. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्यामुळे लहान मुलांचे पालकही शिक्षक शोधतात. मोठ्यांना आयकेन किंवा टोइक परीक्षेची तयारी हवी असते. जपानी विद्यार्थी वेळेचा पक्का असतो. दोन मिनिटं उशीर झाला तरी तो लक्षात ठेवतो.

व्हिएतनाम दीड तास पुढे आहे. तिथे विद्यापीठ प्रवेशात आयईएलटीएसच्या गुणांना वजन आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाने शाळांमध्ये इंग्रजी हळूहळू दुसरी भाषा करायची दिशा ठरवली. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांची असते. तिचा सराव नीट करून घेणारा शिक्षक तिथे चालतो.

सौदी अरेबिया आणि तुर्कस्तान दोन्ही अडीच तास मागे आहेत. सौदीत २०२१ पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथली संध्याकाळची ५ ते ९ ही वेळ म्हणजे आपले साडेसात ते साडेअकरा. पुरुष शिक्षकाला हे सोयीचं, पण घरात स्वयंपाक-जेवणाची तीच वेळ असते, हे सुनेला आधी घरात बोलून घ्यावं लागेल. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि रमजानमध्ये सगळ्या वेळा रात्रीकडे सरकतात. तुर्कस्तानात मागणी आहे, पण तिथल्या लिराची किंमत गेल्या काही वर्षांत खूप घसरली. त्यामुळे डॉलरमधला दर तिथल्या माणसाला जड जातो.

ब्राझील साडेआठ तास मागे. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाटे साडेतीनची वेळ. पण तिथले लोक ऑफिसला जायच्या आधी सकाळी ७ ला शिकतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन असतात. जेवणाच्या सुट्टीत १२ ला शिकले तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. परदेशी कंपनीत कामाला लागू पाहणारे ब्राझीलचे संगणकवाले मुलाखतीची तयारी मागतात.

युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे-मागे करतात. हे माहीत नसल्याने तास चुकतो आणि मग एक स्टार मिळतो. नवीन पानावर एक स्टार म्हणजे पुढचे विद्यार्थी गेलेच समजा.

‘मातृभाषा इंग्रजी’ची भिंत

आता कडू गोष्ट. या बाजारात भारतीय शिक्षकासमोर भिंत आहे. विद्यार्थ्याला यादीत ‘मातृभाषा इंग्रजी असलेलेच दाखवा’ असं बटण दाबता येतं आणि पुष्कळ जण ते दाबतात. दक्षिण कोरियाच्या भाषाशिक्षक व्हिसाचंच बघा. ऑनलाइन शिकवायला तो लागत नाही, पण त्यावरून मानसिकता कळते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठीच तो मुख्यतः ठेवला आहे. पालकांच्या डोक्यातही तेच चित्र असतं. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे भारतीय अडीच लाखांच्या थोडे वर होते. त्यामुळे पानावर खोटं लिहून उपयोग नाही. पहिल्याच तासात उघडं पडतं.

पण फिलिपिन्सने ही भिंत ओलांडली, हे विसरू नये. तो देश १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता. इंग्रजी तिथे कारभाराची भाषा आहे. तरी तिथल्या बहुतेकांच्या घरात टागालोग, सेबुआनो अशा भाषा बोलतात. जपानचं घड्याळ त्यांच्यापेक्षा एकच तास पुढे. कमी दर, गोड बोलणं आणि चुकलेल्याला न हसणं, या तीन गोष्टींवर त्यांनी जपान-कोरियाचा बाजार धरला. ५१टॉक या कंपनीने फिलिपिनो शिक्षक घेऊन चीनमध्ये धंदा वाढवला आणि २०२१ नंतर चीनबाहेरच्या देशांकडे मोर्चा वळवला. म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसली तरी रस्ता आहे, पण तो कष्टाचा आहे.

मराठी माणसाकडे एक जमेची बाजू आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जपानी, कोरियन आणि तुर्की या भाषांमध्ये वाक्याची घडण मराठीसारखी आहे. आपण ‘मी आंबा खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी. तिकडेही क्रियापद शेवटीच. आपण ‘घरात’, ‘शाळेला’ असं शब्दाच्या मागे जोडतो, तेही तसंच जोडतात. ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचं याचा घोळ मराठी पोराला जसा होतो तसाच जपानी पोरालाही होतो. अमेरिकन शिक्षकाला हे कधी शिकावंच लागलं नाही. तो ‘असंच म्हणतात’ एवढंच सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत घाम गाळून इंग्रजी शिकलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडखळतो ते नेमकं ठाऊक असतं. ओळखीच्या व्हिडिओत सांगायची गोष्ट ही आहे : ‘तुम्ही जी चूक करता ती मी केली आहे आणि ती कशी सुधारायची ते मला माहीत आहे.’

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आज तिशीत आहेत. त्यांना वाचता-लिहिता येतं. अडतं ते बोलण्यात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’ होतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ एक होतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ अशी वाक्यं आपल्याकडे चालतात, बाहेर ऐकणारा गोंधळतो. आपला उच्चार भारतीय आहे यात लाज नाही, पण तो स्वच्छ आणि सावकाश हवा. स्वतःचा पाच मिनिटांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकला की निम्म्या चुका आपल्याच आपल्याला कळतात. याला फी लागत नाही.

फी आधी मागणारा शंभर टक्के संशयित

या धंद्याच्या नावाखाली लुबाडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या तीन तऱ्हा.

एक, ‘विद्यार्थी आम्ही देऊ, आधी नोंदणी फी भरा.’ प्रीप्ली किंवा आयटॉकीवर शिक्षक म्हणून नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. ते मिळकतीतून कापतात. आधी पैसे मागणारा मध्यस्थ तुमच्याकडूनच कमावतोय.

दोन, प्रमाणपत्राचा बाजार. परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला टेफल म्हणतात. १२० तासांचा कोर्स ही सर्वसाधारण अपेक्षा असते. पण टेफलवर जगभर लागू होणारा एकच सरकारी शिक्का नाही. हजार-दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कोर्स विकतात. केंब्रिजचा सेल्टा हा नावाजलेला कोर्स आहे, पण त्याची फी लाखाच्या घरात जाते. ज्याने अजून एकही विद्यार्थी शिकवलेला नाही त्याने कर्ज काढून महागडा कोर्स करू नये. आधी दहा विद्यार्थी शिकवून बघावं, आपल्याला जमतंय का आणि आवडतंय का ते कळेल.

तीन, टेलिग्रामवरचे ‘टास्क’. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये देतात, मग ‘खातं अनलॉक करायला’ हजारो मागतात. त्यात शिकवणीचा काही संबंध नसतो. तसंच ‘थायलंडला या, इंग्रजी येणाऱ्यांना नोकरी’ म्हणून बोलावणाऱ्यांपासून सावध. गेल्या काही वर्षांत अशाच आमिषाने गेलेले भारतीय तरुण म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकले आणि सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पैसे खात्यात कसे येतात?

वेबसाइटवरची मिळकत पेपॅल, पेओनिअर, वाइज अशा मार्गांनी बँकेत येते. त्यासाठी पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यावर घेऊ नये, नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकतात. परदेशातून आलेल्या पैशाची पावती जपून ठेवावी. बदलाचा दर आणि फी यांत थोडे पैसे जातात, म्हणून दर आठवड्याला न काढता रक्कम साठवून काढलेली बरी.

ही शेतीची मिळकत नाही, त्यामुळे ती करमाफ नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या साध्या मिळकतीवर कर भरावा लागत नाही. पण मिळकत ४ लाखांच्या वर गेली की विवरणपत्र भरावंच लागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. विवरणपत्र भरलेलं असलं तर पुढे कर्जालाही उपयोग होतो.

वीज, नेट आणि घरातली खोली

या धंद्यात पीक जळतं ते विजेने आणि नेटने. गावठाण फीडरवर असलेल्या घरात काम जमेल. रानातल्या वस्तीवर, जिथे शेतीपंपाच्या लाइनवरच सगळं चालतं, तिथे इन्व्हर्टरशिवाय सुरुवातच करू नये. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवावीत, एकाचं टॉवर गेलं तर दुसरं चालतं. लॅपटॉप लागतोच, मोबाईलवर तास घेणं फार दिवस जमत नाही. जुना लॅपटॉप, हेडफोन, इन्व्हर्टर सगळं धरून चाळीस-पन्नास हजारांचा खर्च होतो. वरच्या हिशोबाने तो फिटायला दीडशे तासांच्या आसपास शिकवावं लागेल. म्हणून पहिले महिनाभर कुणाचा तरी लॅपटॉप मागून घ्यावा, मग ठरवावं.

आणि लागते एक खोली. मागे टीव्ही, दारात कोंबड्या, मध्येच ‘चहा टाकला का’ ही हाक, हे आपल्याला साधं वाटतं, पैसे देऊन शिकणाऱ्याला नाही. ज्या घरात शिकवणाऱ्या सुनेचं काम ‘मोबाईलवर बोलत बसणं’ समजलं जातं, तिथे हा धंदा महिनाभरही टिकणार नाही. घरच्यांनी या दोन तासांना ड्युटी मानलं पाहिजे.

बाजूलाच असलेला दुसरा दरवाजा

इंग्रजीत आपण ‘परके’ असू, पण त्याच वेबसाइटवर हिंदी आणि मराठी शिकवणारे म्हणून आपण पक्के मातृभाषिक आहोत. तिथे ती भिंत उलटी आपल्या बाजूने उभी राहते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या माध्यमातून मराठी शाळा चालतात, कारण तिथल्या आई-बापांना मुलांनी आजी-आजोबांशी मराठीत बोलावं असं वाटतं. मराठीचे विद्यार्थी थोडे आहेत, हिंदीचे त्याहून जास्त. पण शिकवणारेही थोडे आहेत आणि दर चांगला मागता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा सोहळा झाला, पण तिच्यावर चार पैसे कमावता येतील हा विचार कमी झाला.

आखाती देशांत आणि इतरत्र असलेले आपले पाहुणे-रावळे हाही पहिला आधार होऊ शकतो. दुबई दीडच तास मागे. तिथल्या मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी वाचन किंवा मराठी शिकवायला ओळखीचं माणूस मिळालं तर हवंच असतं. तिथून मिळालेला अनुभव पुढे अनोळखी विद्यार्थी मिळवायला कामाला येतो.

पुढे काय?

एक धोका आणखी आहे. बोलण्याचा सराव करून घेणारी ॲप आता माणसाशिवाय चालतात. कोरियात ‘स्पीक’ नावाचं असं ॲप चांगलंच रुळलं आहे. रात्री दोन वाजताही ते बोलतं आणि थकत नाही. नुसता गप्पांचा तास विकणाऱ्या स्वस्त शिक्षकाला याचा पहिला फटका बसेल. परीक्षेची तयारी, मुलाखत, लहान मुलांना धरून बसवणं, लाजणाऱ्याला बोलतं करणं, हे काम अजून माणसाचंच आहे. म्हणून ‘मी इंग्रजी शिकवतो’ असं लिहिण्यापेक्षा ‘मी जपानी नोकरदारांना मुलाखतीसाठी तयार करतो’ असं एक नेमकं काम धरलेलं बरं.

सरकारी पातळीवर करण्यासारखं फार मोठं काही नाही, पण छोटं पुष्कळ आहे. भारतनेटची केबल ज्या ग्रामपंचायतीत पोहोचली आहे तिथे एक शांत खोली, एक इन्व्हर्टर आणि दोन लॅपटॉप ठेवले तर दिवसातून चार-पाच जणांना तास घेता येतील. अभ्यासिका बांधायला निधी मिळतोच, त्यातल्या एका कोपऱ्यात हे बसू शकतं. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

भरतीची वाट बघणाऱ्यांनी वाट सोडावी असा याचा अर्थ नाही. टीईटीचा, टेटचा अभ्यास चालूच ठेवावा. हे जोडधंद्यासारखं धरावं. दोन म्हशी पाळल्या म्हणून कुणी रान विकत नाही. सुरुवात करणाऱ्याने सहा महिने द्यावेत, एक देश निवडावा, फी कुणालाही आधी देऊ नये आणि वहीत रोजचे तास आणि रुपये लिहावेत. सहा महिन्यांनी ती वही उघडून बघितली की पुढे जायचं की थांबायचं, ते कुठल्याही रीलपेक्षा नीट कळेल.